बाजार, वेतन आणि संस्कृती : भिलाईचा धडा

व्यापार संस्कृती घडवतो, हे विधान बहुधा बंदरांच्या शहरांचा दाखला देऊन केले जाते. सुरत, कोची, मुंबई येथे गलबतांबरोबर केवळ कापड आणि मसाल्यांची ये-जा झाली नाही. भाषा, खाद्यपदार्थ, वेष आणि उपासनेच्या पद्धतीही आल्या. यात तथ्य आहे. परंतु त्यातूनच असाही एक समज रूढ झाला आहे की, संस्कृतीचा कर्ता तो व्यापारी, आणि गोदीत ओझी वाहणारा हमाल केवळ तिचा साक्षीदार. छत्तीसगडमधील भिलाई या पोलाद नगरीचा अनुभव हा समज खोडून काढतो.

भिलाईला समुद्र नाही. तेथील झोतभट्ट्यांना लागणारा परदेशी कोळसा विशाखापट्टणम बंदरातून रेल्वेने येतो. 2 फेब्रुवारी 1955 रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्यापूर्वी येथे धानाची शेते आणि खेडी होती. बंदराच्या शहरात व्यापारपेठ आधी वसली व मजूर मागाहून आला. भिलाईत मात्र कामगार आधी आला आणि त्याच्या वेतनाचा माग काढीत बाजार आला.

बंगाल, आंध्र, केरळ, ओडिशा, बिहार, पंजाब आणि विदर्भातून आलेली कुटुंबे स्थानिक छत्तीसगडी जनतेच्या शेजारी राहू लागली. लोक भिलाईला ‘लघुभारत’ म्हणू लागले ते यामुळेच. सेक्टरांत वसवलेल्या नगरीत कारखान्याने घरे व शाळांबरोबर बाजारांचीही जागा आखून दिली. दुकानदाराने कोणता माल ठेवावा, हे गिऱ्हाइकाच्या घरातील चुलीने ठरविले. सेक्टर 6 मधील कालीबाडी आणि सेक्टर 4 मधील जगन्नाथ मंदिर यांच्या शेजारी तशीच मागणी निर्माण झाली. दुर्गापूजेच्या आधी हाती येणारा बोनस हा या शहराच्या पंचांगातील एक सणच ठरला; कापडवाला, भांडीवाला, मिठाईवाला सारेच त्याची वाट पाहतात. याच नगरीत इंडियन कॉफी हाऊसचीही परंपरा आहे. कॉफी बोर्डाने उपाहारगृहे बंद करून नोकरांना घरी बसविले, तेव्हा 1957 पासून कॉम्रेड ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने त्या नोकरांनीच सहकारी संस्था उभारल्या. मालक नसलेल्या त्या टेबलांभोवती पाळी संपवून आलेला कामगार आणि अभियंता एकाच दराची कॉफी पीत आले. दुकान चालविणारा कोण, यावर दुकानातील वागणूक कशी असेल हे अवलंबून असते, याचे हे साधे उदाहरण आहे.

तथापि वेतन वाढले म्हणजे संस्कृती आपोआप उन्नत होते, असे मानणे भाबडेपणाचे होईल. भिलाईला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहरा येथे 1977 मध्ये छत्तीसगड माईन्स श्रमिक संघ स्थापन झाला. लढ्याने मजुरी वाढली. पण वाढलेला पैसा दारूच्या दुकानाकडे वाहू लागला. तेव्हा शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली संघटनेने दारूविरुद्ध मोहीम उघडली आणि कामगार स्त्रिया तिच्या अग्रभागी राहिल्या. 1983 मध्ये तेथे कामगारांनी आपल्या श्रमातून शहीद रुग्णालय उभे केले. पैसा तोच होता. तो कोठे जावा हे ठरविणारा बदलला. याच चळवळीने सोनाखानच्या वीर नारायणसिंहांची स्मृती जनतेत पुन्हा जागविली. 1856 च्या दुष्काळात व्यापाऱ्याचे धान्याचे कोठार उघडून त्यांनी ते भुकेल्यांना वाटले, आणि 10 डिसेंबर 1857 रोजी इंग्रजांनी त्यांना रायपुरात फाशी दिले. 28 सप्टेंबर 1991 रोजी नियोगींची भिलाईतच हत्या झाली. 1 जुलै 1992 रोजी, बाजारपेठेसाठी ओळखल्या जाणाऱ्या पॉवर हाऊस भागातील रेल्वे स्थानकावर आंदोलक कामगारांवर गोळीबार होऊन अनेकजण मृत्युमुखी पडले.

आज त्या वेतनाचेच दोन तुकडे झाले आहेत. कारखान्यातील कायम कामगारांची संख्या एकेकाळच्या मानाने पुष्कळ घटली आहे आणि त्याच फाटकातून कंत्राटी मजूर शिरतो. बाजारही त्यानुसार दुभंगला आहे. एका बाजूस वातानुकूलित मॉल आणि मोबाईलवरून मागविलेला माल. दुसऱ्या बाजूस सुपेल्याचा रविवार बाजार. तेथे कंत्राटी मजुराचे कुटुंब आठवड्याचा हिशोब घालीत फिरते आणि जवळच्या खेड्यांतील स्त्रिया जमिनीवर पसरा मांडून लालभाजी व चेचभाजी विकतात. पूर्वी एकाच सेक्टर बाजारात समोरासमोर येणारी माणसे आता एकमेकांना भेटत नाहीत. शहराची खरी हानी येथे आहे.

आणि या दोन्ही बाजारांत उभ्याने राबणारा दुकान-कामगार कोणाच्या गणतीत आहे? फेब्रुवारी 2025 मध्ये छत्तीसगडात दुकाने व आस्थापनांचा नवा कायदा अमलात आला. दुकाने चोवीस तास उघडी ठेवण्याची मुभा देताना त्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना आपल्या कक्षेबाहेर ठेवले. महाराष्ट्राने 2017 मध्ये हीच वाट धरली होती. म्हणजे कपड्याच्या वा किराण्याच्या लहान दुकानात दोन-तीन जणांबरोबर राबणाऱ्या मुलाची सुट्टी मालकाच्या मर्जीवर सोपविली गेली. ग्राहकाची सोय म्हणून ज्याचा गौरव होतो, तिची किंमत त्याच्या विश्रांतीतून वसूल होते.

भिलाईच्या कामगार संघटनांपुढील काम यावरून स्पष्ट होते. कंत्राटी मजुराला समान कामाचे समान वेतन, लहान दुकानातील नोकराला हक्काची साप्ताहिक सुट्टी, आणि पसरा मांडणाऱ्या स्त्रीला बाजारात निश्चित जागा, या तीन मागण्या वेगवेगळ्या नाहीत. ज्यांच्या श्रमाने भिलाईचा बाजार भरला, त्यांना त्याच बाजारात मान ताठ ठेवून उभे राहता यावे, एवढाच त्यांचा अर्थ आहे.