कार्बनचा हिशोब युरोपला, धुळीचा हिशोब वरठीला कधी?

‘ग्रीन स्टील’ हा शब्द सध्या फार चालून राहिला आहे. मंत्र्यांच्या भाषणात तोच, कंपन्यांच्या अहवालात तोच. चांगलं आहे. पण भंडारा रोड स्टेशनवर उतरून ज्यानं वरठीच्या सनफ्लॅगच्या चिमण्या पाहिल्या आहेत, त्यानं एक साधा प्रश्न विचारला पाहिजे. प्रदूषण कमी करणार म्हणजे नेमकं काय कमी करणार? कार्बन की धूळ?

हे दोन वेगळे विषय आहेत, आणि ते बेमालूम एकत्र कालवले जातात.

कार्बन डायऑक्साइड दिसत नाही, कवेलूवर बसत नाही, वाळत घातलेल्या धानावर पडत नाही. तो साऱ्या जगाच्या हवेत जातो. पोलाद कारखान्याला तो सहजासहजी टाळताही येत नाही, कारण तिथं कोळसा नुसता जाळायला लागत नाही. लोहखनिजातला ऑक्सिजन ओढून काढायचं कामच कोळशातला कार्बन करतो. वरठीला मिनी ब्लास्ट फर्नेस आहे, कोळशावरचा स्पंज आयर्न विभाग आहे आणि इलेक्ट्रिक आर्क फर्नेसही आहे. अशा ठिकाणी कार्बन कमी करायचे मार्ग ठरलेले आहेत. वितळलेलं लोखंड गरम असतानाच आर्क फर्नेसमध्ये ओतायचं म्हणजे वीज वाचते. भट्टीतून निघणारा गॅस वाया न घालवता त्यावर वीज करायची. भंगार जास्त वापरायचं. टाटांनी २०२३ च्या एप्रिलमध्ये जमशेदपूरच्या एका ब्लास्ट फर्नेसमध्ये हायड्रोजन सोडून पाहिला, तोही याच वाटेवरचा प्रयोग. (आर्क फर्नेस स्वच्छ म्हणणाऱ्यांनी ग्रिडची वीज कुठून येते तेही पाहावं. मौदा आणि तिरोडा आपल्यापासून किती दूर आहेत?)

धुळीचं मात्र तसं नाही. खनिज फोडताना, कोळसा उतरवताना, भट्टीतून, ट्रकच्या चाकांखालून ती उठते आणि पाच-दहा किलोमीटरच्या आतच्या माणसांच्या छातीत जाते. ती थांबवायला हायड्रोजन लागत नाही. बॅग फिल्टर, ईएसपी, झाकलेले पट्टे, सडकेवर पाणी, एवढं लागतं. तंत्र जुनं आहे. ते चोवीस तास चालू ठेवायला मात्र वीज आणि पैसा लागतो. रात्री ईएसपी बंद ठेवतात ही स्पंज आयर्न कारखान्यांबद्दलची देशभरातली जुनी तक्रार आहे. वरठीत तसं होतं असा माझा आरोप नाही. माझं म्हणणं एवढंच की होतं की नाही, हे गावाला आकड्यांवरून कळलं पाहिजे, अंदाजावरून नाही.

आता गंमत पाहा. केंद्राच्या पोलाद मंत्रालयानं डिसेंबर २०२४ मध्ये ग्रीन स्टीलची व्याख्या ठरवली. एक टन पोलादामागे २.२ टनांपेक्षा कमी कार्बन निघाला तर ते ‘ग्रीन’. १.६ च्या खाली गेलं तर पाच तारे. आपल्या देशाची सरासरी अडीच टनांच्या आसपास आहे, त्यामुळे हे सोपं नाही आणि जो करेल त्याचं कौतुकच. पण या ताऱ्यांमध्ये धूळ मोजलीच जात नाही! म्हणजे उद्या एखाद्या कारखान्याला पाच तारे मिळाले, तरी शेजारच्या गावाच्या ओसरीवर काय पडतं याच्याशी त्या ताऱ्यांचा संबंध नसेल. धुळीसाठी तारे द्यायची योजना आपल्या प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१७ मध्ये आणली होती. तिचं नाव तुमच्यापैकी कितीजणांनी ऐकलं?

तिकडे युरोपनं कार्बनवर सीमाकर लावला आहे. ऑक्टोबर २०२३ पासून नुसता हिशोब मागत होते, १ जानेवारी २०२६ पासून येणाऱ्या मालावर पैशाची जबाबदारीही लागू झाली. युरोपात पोलाद विकायचं असेल तर कोणत्या मालामागे किती कार्बन निघाला ते द्यावंच लागतं. युरोपातल्या व्यापाऱ्याला हिशोब मिळतो, कारण त्याच्या हातात ऑर्डर आहे. वरठीच्या बाईच्या हातात झाडू आहे, म्हणून तिला हिशोब नाही?

कायदा तिच्या बाजूनं आहे, हे आपण विसरलो. २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी घेणाऱ्या कारखान्याला दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, अटी पाळल्याचा अहवाल द्यावा लागतो आणि तो सार्वजनिक दस्तऐवज असतो. हवेचे आकडे मुख्य गेटजवळ लोकांना दिसतील असे लावा, ही अशा मंजुरीतली नेहमीची अट असते. पोलाद उद्योग जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारांत मोडतो, त्यामुळे चिमणीवर ऑनलाइन यंत्र लावून आकडे थेट मंडळाकडे पाठवायचे असतात. आकडे तयार होतात, जमा होतात. गावापर्यंत येत नाहीत, कारण गाव मागत नाही.

का मागत नाही, तेही मला ठाऊक आहे. मुंडीपारला भेलच्या कारखान्याची २०१३ मध्ये पायाभरणी झाली आणि पुढं काय झालं ते साकोलीवाल्यांना विचारा. माणेकनगरचा युनिव्हर्सल फेरो बंद पडला, तुमसरची घरं बसली. ज्या जिल्ह्यात चालू कारखाने बोटावर मोजण्याइतके, तिथं माणूस म्हणतो, “जाऊ दे ना भाऊ, पोरगा लागला आहे तिथं.” या भीतीवर पुढाऱ्यांचं राजकारण चालतं. जनसुनावणीत नोकरीचेच प्रश्न विचारले जातात, हवेचा प्रश्न कोणी काढला की त्याला विकासविरोधी ठरवतात. अरे, आकडा मागितल्यानं कोणता कारखाना बंद पडतो? युरोपनं मागितला, एकही भट्टी विझली नाही.

आणि आकडे चांगले असतील तर कंपनीनंच ते चौकात लावावेत. तिचाच फायदा आहे.

ग्रामसभेसाठी ठराव लिहून देतो, नाव बदलून कोणत्याही गावानं वापरावा: “ही ग्रामसभा ठरवते की कारखान्याच्या प्रत्येक चिमणीचे धुळीचे आकडे, रात्रीच्या वेळेसह, दर आठवड्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत, पर्यावरण मंजुरीची प्रत आणि शेवटचे दोन सहामाही अहवाल मराठीत ग्रामपंचायतीला द्यावेत, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानं पुढच्या ग्रामसभेत हजर राहून ते समजावून सांगावेत.” सरपंचांनी सही करून प्रत मंडळाच्या भंडारा कार्यालयात द्यावी आणि पोच घ्यावी. पोचीचा फोटो मला पाठवा, मी छापतो.