उत्तरेचा उजेड कोणासाठी?

जुनी वास्तू नव्या कामास लावणे हे पाप नव्हे. न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टर ग्रंथालयाची इमारत १८५४ मध्ये वाचकांसाठी खुली झाली. १९११ मध्ये तेथील ग्रंथ नव्या सार्वजनिक ग्रंथालयात गेले, पुढे ज्यू स्थलांतरितांना आसरा देणारी संस्था तेथे आली आणि १९६७ मध्ये जोसेफ पॅप यांनी त्याच भिंतींत नाट्यगृह सुरू केले. नेदरलँड्समधील टिलबुर्ग येथे उलट घडले. रेल्वे इंजिनांच्या दुरुस्तीची शेड २०१९ मध्ये ग्रंथालय झाली. दोन्हीकडे वापर पालटला; दार मात्र सर्वांना उघडे राहिले.

डिलाईल रोडवर काय घडले?

या रस्त्याला ज्यांचे नाव दिले, त्या नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापिली. पाळी संपवून बाहेर पडलेल्या कामगाराची पावले गुत्त्याकडे न वळता वाचनालयाकडे वळावीत, यासाठी लीगने रात्रशाळा आणि मोफत वाचनालये चालविली. त्याच जोशींच्या नावाच्या मार्गावर, मथुरादास मिलच्या आवारात, पुढे मद्यालये थाटली गेली. नियतीने केलेली ही थट्टा नव्हे. ही माणसांनी केलेली व्यवस्था आहे.

गिरणीची शेड ही साधी वास्तू नव्हती. करवतीच्या दात्यांसारखे छप्पर, त्याची उभी, काचेची बाजू उत्तरेला. थेट ऊन आत येत नाही आणि दिवसभर सारखा, शांत उजेड मिळतो. तुटलेला धागा दिसावा म्हणून योजलेला हा उजेड पुस्तकाच्या पानावर तितकाच शोभला असता. तसे एकही वाचनालय या रस्त्यावरील शेडमध्ये झाल्याचे ऐकिवात नाही. बाहेरच्या विटा मात्र घासूनपुसून ठेवल्या जातात, कारण जुनेपणा आता विकला जातो.

आणि कायदा? १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा सुमारे एकेक तृतीयांश वाटा मोकळ्या जागेसाठी महापालिकेला आणि घरांसाठी म्हाडाला ठेवला होता. २००१ च्या दुरुस्तीने हा हिशेब संपूर्ण जमिनीऐवजी केवळ रिकाम्या जमिनीवर आणला. म्हणजे शेड कागदावर 'उभी' मानून समाजाचा वाटा घटवायचा आणि प्रत्यक्षात ती पाडून मनोरा उभारायचा! मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती ग्राह्य धरली. ती कायदेशीर ठरली, एवढेच. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारात गच्चीवरील उपाहारगृहांना आग लागून १४ जीव गेले, तेव्हा कुठे या नव्या वापराची तपासणी करावी असे यंत्रणांना वाटले.

परळचे दामोदर नाट्यगृह हा लीगचाच वारसा. कामगार रंगभूमी आणि कोकणातील नमन-जाखडी यांना आसरा देणारी ही वास्तू शंभरी ओलांडून २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये पुनर्बांधणीसाठी बंद झाली आणि रंगकर्मींना रस्त्यावर उतरावे लागले. ज्यांनी ती जागा जागती ठेवली, त्यांना आधी विचारण्याची रीत आपल्याकडे का नसावी?

हाच प्रश्न ना. म. जोशी मार्गावरील ३२ बीडीडी चाळींचा आहे. मधून लांब मार्गिका, दोन्ही बाजूंना एकेक खोली, सामायिक शौचालये. त्या जाव्यात आणि रहिवाशांना ५०० चौरस फुटांचे हक्काचे घर मिळावे, यात दुमत नाही. १६० चौरस फुटांत पिढ्या काढणाऱ्यांना वारशाची प्रवचने ऐकवू नयेत. पण याच मार्गिकांत मुले अभ्यासाला बसली, गणेशोत्सवाच्या बैठका झाल्या. ते सारे बंद दाराच्या सदनिकेत आपोआप जात नाही.

तेव्हा चाळीतील मंडळांनी आणि कार्यकर्त्यांनी म्हाडाला लेखी विचारावे: वाचनालय व अभ्यासिकेची जागा कोणत्या मजल्यावर, किती चौरस फूट, आणि तिचा ताबा कोणाकडे? उत्तरही लेखीच घ्यावे, आणि तेही चाव्या हाती पडण्यापूर्वी.