आधी पुनर्वसन, मग शर्यत

पनवेल तालुक्यात भाताची कापणी उरकली की मोकळ्या झालेल्या शेतांत शर्यतींची मैदाने आखली जातात. छकडे सुटतात, गुलाल उधळला जातो, जिंकलेल्या बैलाचे नाव पंचक्रोशीत होते आणि त्याच्या किमतीचे आकडे लाखांत बोलले जाऊ लागतात. मालकाची छबी असलेले फलक नाक्यानाक्यावर झळकतात. या जल्लोषात एक साधा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. हा बैल उद्या धावेनासा झाला, म्हणजे तो कोणाच्या दावणीला बांधला जाणार? हा प्रश्न विचारला जात नाही, कारण त्याचे उत्तर बहुतेकांना ठाऊक आहे आणि ते उच्चारण्याची कोणाचीच तयारी नाही.

बैलगाडा शर्यतींवरील वादाचा इतिहास सर्वश्रुत आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींवर बंदी घातली. २०१७ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. परंतु त्याच वर्षी उच्च न्यायालयाने शर्यती रोखल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. एवढ्या दीर्घ लढाईत दोन्ही बाजूंनी जे मांडले, ते प्रामुख्याने शर्यतीच्या दिवसाविषयी होते. बैलाची तपासणी झाली की नाही, त्याला काठी किंवा चाबूक लागला की नाही, विजेचा झटका दिला गेला की नाही, या प्रश्नांना महत्त्व आहेच. पण शर्यत काही क्षणांची असते आणि बैलाचे आयुष्य अठरा-वीस वर्षांपर्यंत जाऊ शकते. त्या क्षणांसाठी नियम झाले. उरलेल्या वर्षांसाठी एक ओळही लिहिली गेली नाही.

ही उणीव पूर्वी जाणवत नसे, याला कारण आहे. जुन्या काळी शर्यतीचा बैल हा मुळात नांगराचा बैल होता. तो पावसाळ्यात चिखलणी करी, सुगीनंतर गाडी ओढी आणि जत्रेच्या दिवशी धावे. वय झाले, धाव मंदावली, तरी त्याचे शेतातील काम संपत नसे. शर्यत ही शेतीच्या अर्थव्यवहाराची एक हौशी शाखा होती. आज हा संबंध तुटला आहे. चिखलणीला पॉवर टिलर आला, वाहतुकीला टेम्पो आला आणि पनवेलच्या भातशेतीवर तर वसाहती उभ्या राहिल्या. आजचा शर्यतीचा खोंड केवळ धावण्यासाठी जोपासला जातो, धावण्यासाठी विकला जातो आणि धावण्यापुरताच मोलाचा असतो. त्याची धाव संपताच त्याचे बाजारातील मूल्यही संपते. ज्या श्रमाला एकच उपयोग उरतो, त्या श्रमाची किंमत एका रात्रीत शून्यावर येते, हे गिरणगावाने पाहिलेले सत्य आहे. ते गोठ्यातही तितकेच खरे आहे.

मग या बैलाचा उलटा प्रवास सुरू होतो. नावाजलेल्या मालकाकडून तो दुय्यम मैदानांवरच्या मालकाकडे जातो, तिथून तिसऱ्याकडे. दर हस्तांतरात किंमत उतरते, खुराक घटतो आणि बैलाच्या इतिहासाची माहितीही गळत जाते. शेवटी मुरबाडकडच्या म्हशाच्या यात्रेत किंवा चाकणच्या बाजारात तो एक निनावी बैल होऊन उभा राहतो. ज्याने त्याच्या जिवावर नाव कमावले, त्याचा या टप्प्याशी काहीही संबंध उरलेला नसतो. ‘बैल आम्हाला पोटच्या मुलासारखा’ हे वाक्य शर्यतीच्या व्यासपीठावरून नेहमी ऐकू येते. त्यात काही मालकांची खरी माया असेलही, आणि म्हातारा बैल मरेपर्यंत सांभाळणारी घरे या तालुक्यात आहेतच. परंतु काही घरांची माया म्हणजे व्यवस्था नव्हे.

सरकारची भूमिका याहून दांभिक आहे. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही संपूर्ण बंदी आली. तिचा भंग केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. म्हणजे निवृत्त बैल जगलाच पाहिजे, असा राज्याचा हुकूम आहे. पण तो कशावर जगावा, हे राज्य सांगत नाही. प्रौढ बैलाला दिवसाला आठ-दहा किलो सुका चारा लागतो. वर्षाचा हिशेब तीन टनांच्या पुढे जातो. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने देशी गाईला ‘राज्यमाता’ घोषित केले आणि गोशाळांना गाईमागे दिवसाला पन्नास रुपये देण्याचे ठरविले. दारात म्हातारा बैल पोसणाऱ्या कुणब्याला, आगऱ्याला किंवा आदिवासीला त्यातून छदामही मिळत नाही. दुसरीकडे गोरक्षकांच्या उपद्रवाला कंटाळून २०२५ च्या पावसाळ्यात कुरेशी व्यापाऱ्यांनी जनावरांची खरेदीच थांबविली आणि बाजार ओस पडले. एका हाताने शर्यत खुली करायची, दुसऱ्या हाताने विक्रीची वाट बंद करायची आणि मधल्या बैलाचा भार सर्वांत दुबळ्या शेतकऱ्याच्या खांद्यावर टाकायचा, अशी ही राज्यनीती आहे. मोकाट सुटलेला बैल बंगल्याच्या बागेत शिरत नाही. तो अल्पभूधारकाच्या वालाच्या शेतात शिरतो.

हा प्रश्न पनवेलपुरता नाही. ब्रिटनमध्ये १९२६ साली मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर ग्रेहाऊंड कुत्र्यांच्या शर्यतींना आरंभ झाला. हा कुत्रा चार-पाच वर्षांचा होताच शर्यतीतून बाद होतो आणि बारा-चौदा वर्षे जगतो. तिथल्या धंद्याला आपल्या निवृत्त कुत्र्यांसाठी घरे शोधणारा न्यास स्थापन करण्यास १९७५ साल उजाडावे लागले. २००६ मध्ये डरहॅम परगण्यातील सीहॅम गावी वर्षानुवर्षे हजारो निरुपयोगी ठरलेले कुत्रे मारून पुरले जात असल्याचे उघडकीस आले, तेव्हा देश हादरला. अखेर सप्टेंबर २०२० मध्ये नियम आला: कुत्र्याची शर्यतीसाठी नोंदणी होतानाच चारशे पौंडांचा निवृत्ती-ठेवा जमा करायचा, निम्मा मालकाने आणि निम्मा नियामक मंडळाने. ती रक्कम पुरेशी आहे की नाही, यावर तिथे वाद आहे. पण तत्त्व निर्विवाद आहे. घर शोधण्याची जबाबदारी कुत्रा थकल्यावर सुरू होत नाही. ती त्याच्या पहिल्या धावेआधी सुरू होते. ज्यांनी हे वेळीच ओळखले नाही, त्यांची शर्यतच गेली. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात २०१८ मध्ये ६९ टक्के मतदारांनी या शर्यती बंद करण्याचा कौल दिला आणि न्यूझीलंडच्या सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये त्या संपविण्याचा निर्णय जाहीर केला. आपल्या शर्यती टिकाव्यात असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी हा धडा आधी वाचावा.

परंतु खरे म्हणजे पनवेलकरांना यासाठी विलायतेकडे पाहण्याचे कारण नाही. पुनर्वसन आधी की नंतर, या प्रश्नाची किंमत या मातीइतकी फार थोड्यांनी मोजली असेल. १९७० मध्ये सिडको आली आणि नवी मुंबईसाठी पनवेल, उरण, ठाणे तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. जमीन आधी गेली. पुनर्वसनाचे आश्वासन मागे राहिले. त्याविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले, तेव्हा कोठे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व शासनाच्या गळी उतरले. धरणग्रस्तांनीही महाराष्ट्रभर हीच घोषणा दिली: ‘आधी पुनर्वसन, मग धरण.’ ज्याची गरज संपली त्याच्याशी नंतर कोणी करार करीत नाही, हे त्या घोषणेचे मर्म होते. जे मर्म माणसाच्या बाबतीत रक्त सांडून शिकले गेले, ते मुक्या जनावराच्या बाबतीत विसरणे शोभणारे नाही. विशेषतः जमिनीच्या मोबदल्याचा पैसा जिथे शर्यतीच्या गोठ्यात उतरला आहे, तिथे तर नाहीच.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे: बैल धावत असतानाच त्याचे दत्तकपत्र झाले पाहिजे. ज्या बैलाच्या निवृत्तीची सोय लिहून ठेवलेली नाही, त्याला मैदानात उतरण्याची परवानगी मिळता कामा नये. हे अशक्य नाही. १ जून २०२४ पासून कानात बिल्ला नसलेल्या जनावराच्या खरेदी-विक्रीवर राज्यात निर्बंध आहेत. त्या बारा अंकी क्रमांकावर बैलाचा मालक नोंदला जातो, तसाच त्याचा भावी पालकही नोंदता येईल. बैल कितीही हातांतून गेला, तरी करार त्या क्रमांकाबरोबर जाईल.

पैसा कोठून आणायचा, याचे उत्तर कळंबोलीच्या लोखंड-पोलाद बाजारात राबणारा माथाडी देऊ शकेल. १९६९ च्या माथाडी कायद्याने मालकाला मजुरीबरोबर लेव्ही मंडळात भरणे भाग पाडले आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधोपचार यांची सोय झाली. पाठ वाकल्यावर भीक मागायची नाही, पाठ ताठ असतानाच म्हातारपणाचा हिस्सा कापून घ्यायचा, हे त्याचे सूत्र. तीच लेव्ही शर्यतीच्या प्रवेशशुल्कावर, बक्षिसावर आणि शर्यतीच्या बैलाच्या प्रत्येक विक्रीवर बसवावी. समजा, एका मैदानात शंभर बैल उतरले आणि बैलामागे पाचशे रुपये घेतले, तर पन्नास हजार जमतात. चाऱ्याचा खर्च दिवसाला शंभर रुपये धरला, तर एका बैलाचे वर्ष साडेछत्तीस हजारांत निघते. बक्षिसातल्या एका साध्या मोटारसायकलीच्या किमतीत त्याची दोन वर्षे निभावतात. मे २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवड परिसरातील एका शर्यतीत तर पहिले बक्षीस जेसीबी यंत्र होते! ज्या यंत्रयुगाने बैलाला शेतातून हुसकले, तेच यंत्र बैलाला पळवून मिळवायचे आणि बैलाच्या चाऱ्याला मात्र पैसा नाही म्हणायचे, हा तर्क टिकणारा नाही.

हा निधी तालुका पातळीवर पशुसंवर्धन खात्याच्या देखरेखीखाली असावा आणि त्याच्या कारभारात मालकांबरोबर गाडीवान व अल्पभूधारक यांनाही जागा असावी. बैल दत्तक घेणाऱ्या गरीब शेतकऱ्याला निधीतून दरमहा चाऱ्याची रक्कम मिळावी. शेण, गोमूत्र व हलकी कामे त्याची. बैल विकण्याचा अधिकार मात्र कोणालाच नाही. हस्तांतरही टप्प्याटप्प्याने व्हावे. दूध, अंडी, कडधान्य यांच्या खुराकावर वाढलेला बैल एकाएकी पेंढ्यावर आणला तर आजारी पडतो. खच्ची न केलेला तापट खोंड अनोळखी हाताला जुमानत नाही. म्हणून शेवटच्या हंगामाआधीच नव्या पालकाने गोठ्यात येऊन त्याच्याशी ओळख केली पाहिजे आणि पशुवैद्यकाने त्याच्या निवृत्तीची तयारी करून दिली पाहिजे.

यावर आक्षेप येतील. शेतमजुराला निवृत्तिवेतन नाही, तिथे बैलाला कशाला, असे काही कार्यकर्तेही विचारतील. हा प्रश्न प्रामाणिक आहे, पण त्याचा रोख चुकला आहे. या निधीतला पैसा शेतमजुराच्या तोंडचा नाही. तो शर्यतीच्या उलाढालीतला आहे आणि आज तो फलकांवर, ध्वनिक्षेपकांवर व पुढाऱ्यांच्या सत्कारांवर उधळला जातो. उलट, आज बैलाचा फुकटचा भार उचलणाऱ्या गरिबाला या योजनेत पहिल्यांदा मोबदला मिळेल. दुसरा आक्षेप शहरी प्राणिमित्रांचा: शर्यतीच बंद करा. बंदीच्या सात वर्षांत चोरून शर्यती झाल्या आणि ज्या बैलांची शर्यत थांबली, त्यांच्या चाऱ्याची सोय बंदी मागणाऱ्यांनीही केली नाही. त्यांच्यातील काही सहृदय माणसे आज महिन्याकाठी पैसे पाठवून एखादा बैल दत्तक घेतात. त्यांची करुणा खरी आहे. परंतु नफा खासगी आणि म्हातारपण वर्गणीवर, ही वाटणी कोणत्याही श्रमिकाने मान्य करू नये.

येत्या हंगामाच्या परवानग्यांसाठी अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात जातील. त्याआधी पनवेल तालुक्यातील प्रत्येक शाखेने ग्रामसभेत ठराव मांडावा: निवृत्तीचा करार नसलेल्या बैलाच्या शर्यतीला गावाची जागा मिळणार नाही. मालक खरोखर बैलाला मुलासारखे मानत असतील, तर त्यांची सही पहिली असेल. ती न करणाऱ्यांची माया किती खरी होती, हे त्या कोऱ्या कागदावरून गावाला कळेल.