घरची शाळा आणि शेजारची शाळा

मुलाला शाळेतून काढून घरीच शिकवावयाचे, असा निर्णय घेणारी कुटुंबे महाराष्ट्रात आजही थोडीच आहेत. तथापि पुण्या-मुंबईसारख्या शहरांत ती आढळतात, आणि मार्च २०२० मध्ये शाळांना कुलपे लागली तेव्हा आपले मूल नेमके कसे शिकते, हे असंख्य पालकांनी प्रथमच जवळून पाहिले. चळवळीतील मंडळी 'सुखवस्तूंचे खूळ' म्हणून या प्रकाराची वासलात लावतात. ही वासलात घाईची आहे.

एखादे नेमके घर डोळ्यांसमोर आणावे. वडील बँकेत, आई पदवीधर व नोकरी करणारी, मुलगी तिसरीत. रोज सकाळी मुलीचे पोट दुखते. रविवारी दुखत नाही. डॉक्टर झाले, औषधे झाली, अखेर तिला घरी ठेवण्याचे ठरते. आणि मग आई जे करते ते बहुतेक सर्वच पालक करतात : ती घरात शाळा उघडते. भिंतीवर वेळापत्रक, दहाला गणित, अकराला भाषा, वहीत लाल शाईच्या खुणा. पंधरा दिवसांत पोट पुन्हा दुखू लागते. मुलीची शाळा सुटली, पण आईच्या अंगात मुरलेली शाळा सुटली नव्हती. जॉन होल्ट या अमेरिकन शिक्षकाने १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले की, वर्गातली मुले आपली बुद्धी विषय समजून घेण्यापेक्षा शिक्षकाला कोणते उत्तर हवे आहे हे ताडण्यातच खर्च करतात. आईला घरात तेच दिसते. 'साती आठे किती' असे विचारताच मुलगी वहीकडे न पाहता आईच्या चेहऱ्याकडे पाहते.

शंका रात्री येतात. नातेवाइकांनी 'शाळा कोणती?' असे विचारले की काय सांगावे? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य ठरविले आहे. न घातल्यास शिक्षा सांगितलेली नाही, पण मनाला टोचणी लागावयाची ती लागतेच. दहावीचे काय, या प्रश्नाला निदान उत्तर आहे : १७ नंबरचा फॉर्म आहे, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची परीक्षा आहे. सर्वांत खोल शंका मात्र स्वतःविषयीची असते. अपूर्णांकाने भागताना तो उलटा करून गुणावयाचे, एवढेच आईला ठाऊक आहे. का, ते तिला कोणी सांगितलेले नाही.

याचे उत्तर एके दिवशी स्वयंपाकघरात सापडते. अर्धी भाकरी उरलेली असते. अर्ध्या भाकरीत चतकोर किती? मुलगी तोडून दाखविते : दोन. अर्ध्याला पावाने भागले की दोन येतात. भागूनही संख्या वाढते कशी, हे कोडे आईला तीस वर्षांनी उलगडते. या आनंदाला गुणपत्रिकेत रकाना नाही. पुढे चाळीस रुपये किलोची वांगी पावशेर घेतली तर दहाच रुपये का, हे मुलगी भाजीवालीकडून शिकते, आणि सुट्या पैशांवरून तिच्याशी वाद घालते. सकाळचे पोटदुखणे केव्हा थांबले, हे घरात कोणाच्या लक्षातही राहात नाही.

हे यश खरे आहे. त्याची किंमतही मोजावयास हवी. शाळेची फी वाचली खरी, पण आईचा पगार गेला. आणि घरातले तिचे शिकविणे राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात शून्य धरले जाते. नोकरी सोडतो तो बाप नव्हे, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी. शिवाय बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला निघणाऱ्या आईबापांबरोबर जी मुले कोपीवर जातात, तीही शाळेबाहेरच असतात. त्यांच्या वाट्याला आलेल्या स्थितीला कोणी 'गृहशिक्षण' म्हणत नाही. शाळा नाकारण्यासाठी आधी शाळा मिळालेली असावी लागते.

अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली मांडलेला विचार येथे तंतोतंत लागू पडतो. संस्था बिघडू लागली की माणसापुढे दोन मार्ग असतात : बाहेर पडणे किंवा आवाज उठविणे. गुणवत्तेविषयी जे सर्वांत जागरूक, ते प्रथम बाहेर पडतात, आणि ज्यांचा आवाज उपयोगी पडला असता तेच नाहीसे झाल्याने संस्था अधिकच ढासळते. सार्वजनिक शाळांचे उदाहरण हर्शमन यांनीच दिले आहे. कोठारी आयोगाने (१९६४-६६) सर्व थरांतील मुलांसाठी शेजारशाळेची शिफारस केली, तिच्यामागे हीच जाण होती. त्या शिफारशीवर ठराव करणाऱ्या किती कार्यकर्त्यांची मुले पालिकेच्या वा जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली? इंग्रजी माध्यमाच्या बसमध्ये मूल बसवून सभेला येणाऱ्याने घरी शिकविणाऱ्या आईला बोल लावू नये. तीही बाहेर पडली आणि तोही. तिने निदान बाहेर पडून काही शोधले.

प्रश्न आहे तो तिचे हे शोधलेले ज्ञान परत शेजारच्या वर्गात कसे न्यावयाचे, याचा. २००९ च्या कायद्यानुसार सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश जागा पालकांच्या आणि निम्म्या स्त्रियांच्या आहेत. अनेक गावांत या समितीची बैठक इतिवृत्ताच्या वहीवरील सह्यांतच उरकते, हे कार्यकर्त्यांना चांगले ठाऊक आहे. त्या बैठकीत अर्धी भाकरी घेऊन जाईल आणि गुरुजींना प्रश्न विचारील, अशी बाई हवी आहे. पण पालकांच्या त्या जागांवर तिला बसता येत नाही. तिच्या मुलीचे नाव त्या शाळेच्या पटावर नाही.