बिडी सुटते ती शपथेने नव्हे, मांडणीने



दरवर्षी ३१ मे आला की तंबाखूविरोधी दिन साजरा होतो. पटांगणात हात पुढे करून शपथ होते, फोटो निघतो, आणि शपथ देणारा साहेब गाडीत बसण्याआधी पानठेल्यावर थांबतो. दुसऱ्या दिवशी गावात जेवढी तंबाखू खपत होती तेवढीच खपते.

या शपथेच्या मागे एक समज असतो. शेतकरी अडाणी, त्याचे मन कमजोर, म्हणून तो तंबाखू खातो, दारू पितो, औषध फवारताना तोंड बांधत नाही. कर्जाच्या बाबतीतही आपल्याला हेच ऐकवले गेले होते. शेतकरी उधळ्या, म्हणून कर्जबाजारी. त्या आरोपाला आपण हिशेब मांडून उत्तर दिले. याही आरोपाचा हिशेब मांडला पाहिजे. कारण बिडी-तंबाखू ज्यांनी खरोखर सोडली, त्यांनी ती कशी सोडली हे नीट पाहिले तर बाकीच्या पुष्कळ गोष्टी सुधारण्याची वाट सापडते.

सुटते, हे आधी मान्य करा

केंद्र सरकारच्या २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. ओढणारे ३.८ टक्के, आणि मळून, चघळून किंवा मशेरी लावून घेणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्याकडचा खरा प्रश्न सिगारेटचा नाही, खर्ऱ्याचा आणि चुन्याच्या डबीचा आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि तो कुठे मिळतो हे गावातल्या पोरालाही माहीत आहे.

तरीही लोक सोडतात. इंग्लंडात १९५१ साली रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी तिथल्या डॉक्टरांनाच त्यांच्या सिगारेटबद्दल विचारले आणि पुढे पन्नास वर्षे त्यांची नोंद ठेवली गेली. २००४ मध्ये हिशेब निघाला. तिशीत सोडणाऱ्याचे सरासरी दहा वर्षांचे आयुष्य वाचले, चाळिशीत सोडणाऱ्याचे नऊ, पन्नाशीत सहा आणि साठीत सोडणाऱ्याचेही तीन वर्षांचे. 'आता या वयात सोडून काय उपयोग' या बोलण्याला हे उत्तर आहे. आणखी एक लक्षात घ्या. सिगारेट ओढणारे ते डॉक्टर होते. ते अडाणी नव्हते, सवय होती म्हणून ओढत होते.

सोडणाऱ्यांनी काय केले?

पहिले, सवय कोणते काम करते ते ओळखले. डवरणीला, निंदणाला माणूस पहाटे उपाशी निघतो. तंबाखूचा बार भरला की भूक मरते. दुसरे काम त्याहून मोठे आहे. मजूर नुसता बांधावर बसला तर कामचुकार ठरतो. तंबाखू मळायला बसला तर कोणी काही म्हणत नाही. तंबाखू ही शेतावरची एकमेव मान्य सुटी आहे. ती काढून घेतली आणि सुटीही गेली, तर चार दिवसांत डबी परत येते. म्हणून ज्यांची सुटली त्यांनी सुटी ठेवली आणि तंबाखू काढली. त्या वेळेला पाणी, मूठभर फुटाणे नाहीतर गूळ-शेंगदाणे.

दुसरे, दिवस ठरवला आणि जागा मोडली. डबी घरात ठेवून मनाशी कुस्ती केली नाही. डबीच घराबाहेर काढली, पानठेल्यावरून जाणारी वाट काही दिवस बदलली. पहिले तीन दिवस सर्वांत कठीण जातात. चिडचिड होते, झोप उडते, पोट साफ होत नाही. तीन-चार आठवड्यांत हा त्रास पुष्कळ कमी होतो. तलफ येते ती लाटेसारखी. पाच-दहा मिनिटे काढली की ओसरते.

तिसरे, एकट्याने सोडली नाही. घरात सांगितले, सोबत्याला सांगितले, दोघातिघांनी मिळून सोडली. ज्याला गावात सोबत नाही त्याच्यासाठी सरकारचा १८००-११-२३५६ हा फुकटचा फोन आहे.

चौथे, एकदा घसरले म्हणून सगळे सोडून दिले नाही. पोळ्याच्या दिवशी एक खर्रा तोंडात गेला, की 'आपल्याच्याने होत नाही' म्हणून पुन्हा सुरू करणारे फार. पहिला पाऊस दगा देतो, बी वाया जाते, तेव्हा आपण शेत विकतो काय? दुबार पेरणी करतो. तंबाखू सोडणाऱ्या बहुतेकांना ती एका झटक्यात सुटलेली नसते. कितीतरी वेळा दुबार पेरावे लागते.

या चारही गोष्टींत मनाच्या ताकदीचा भाग थोडा आणि मांडणीचा भाग मोठा आहे. वेळ, जागा, पर्याय, सोबत. ही मांडणी जमली की सवय बदलते.

हीच मांडणी फवारणीला लावा

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो दवाखान्यात पडले. त्यानंतरही उपदेशच झाला. हातमोजे घाला, तोंड बांधा. पाऊस उघडल्यावरच्या उन्हात, डोक्याइतक्या वाढलेल्या कपाशीत, जाड कपडा आणि मुखवटा घालून पंप पाठीवर घ्यायला सांगणाऱ्याने एक तास घेऊन पाहावा.

आता मांडणी लावू. साबण आणि पाण्याचा डबा घरून वेगळा आठवावा लागतो म्हणून राहून जातो. तो पंपालाच बांधून ठेवा. पंप निघाला की साबण निघाला. फवारणी सकाळच्या थंड वेळेला, म्हणजे पूर्ण बाहीचा कपडा सहन होतो. वाऱ्याकडे पाठ. कपडे वेगळे, घरी आल्यावर वेगळे धुवायचे. आणि सर्वांत महत्त्वाचे, फवारणीच्या दिवशी डबी शेतावर नेऊ नका. दोन पंपांच्या मधे औषधाच्या त्याच हाताने तंबाखू मळून ओठात धरतो, तेव्हा विष आपण आपल्या हाताने तोंडात घालतो. बिडीचेही तेच. ज्याला तंबाखू सोडण्याची सुरुवात करायची आहे त्याला याहून चांगला मुहूर्त नाही. एका दिवसापासून सुरुवात होते.

गोळी आणि बाटली

रक्तदाबाची गोळी आरोग्य केंद्रात मिळते, तरी लोक मधेच बंद करतात. दुखत नाही म्हणून विसरतात. इथे सवय सोडायची नाही, लावायची आहे, पण युक्ती तीच. जुन्या सवयीला नवी बांधा. सकाळचा चहा कधी चुकत नाही. गोळीची पुडी चहा-साखरेच्या डब्याजवळ ठेवा.

दारूच्या बाबतीत मात्र एक इशारा. तंबाखू एका दिवसात बंद केली तर त्रास होतो, जीव जात नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. तिथे डॉक्टरला विचारूनच सोडावी. त्याला खोलीत कोंडून सोडवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

जे घरात बदलत नाही

आता भाकरीकडे या. मधुमेह वाढला, म्हणून आज डॉक्टर सांगतात की ज्वारी खा. ज्वारीत तंतू जास्त, भूक लवकर लागत नाही, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. २०२३ हे भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरेही झाले. पण ताटातली भाकरी गेली ती कोणाच्या चवीमुळे? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो असे लिहिले. प्रत्यक्षात दुकानात वर्षानुवर्षे आले ते गहू-तांदूळच. जानेवारी २०२३ पासून तर हे धान्य फुकट झाले. एका बाजूला फुकटचा तांदूळ, दुसऱ्या बाजूला ज्वारीला मजुरीही न निघणारा भाव. मग ज्वारी पेरणार कोण आणि खाणार कोण?

तंबाखूचा भाव वाढला की खप घटतो, हे सांगून सरकार तिच्यावर कर वाढवते. म्हणजे भाव बदलला की सवय बदलते, हा धडा सरकारला चांगला पाठ आहे. मग तोच धडा ज्वारीला का लागू नाही? ज्वारीची खरेदी वेळेवर आणि पुऱ्या भावाने करा, ती रेशनच्या दुकानात आणा, भाकरीचा उपदेश करण्याची गरज पडणार नाही.

म्हणून दोन कामे वेगळी ओळखा. डबी, साबण, गोळी ही मांडणी आपल्या हातात आहे. ती करायला सरकारची वाट पाहू नका. भाव, रेशन, चोरून विकला जाणारा गुटखा ही मांडणी सरकारच्या हातात आहे. तिच्यासाठी स्वतःला दोष देत बसू नका. तिथे संघटना लागते.

या मेळाव्यातून गावी गेल्यावर प्रत्येक शाखेने एवढे करावे. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांची तिघातिघांची टोळी करावी, एक दिवस ठरवावा, आणि महिन्याने बसून कोण टिकला, कोण घसरला याची उघड चर्चा करावी. घसरलेल्याला हसू नये, पुन्हा पेरायला बी द्यावे. मजुराला बांधावर दहा मिनिटे बसण्याची सुटी तंबाखूशिवायही मिळेल, हे शेतमालकांनी आपसात ठरवावे. आणि ज्वारीच्या खरेदीचा ठराव तालुक्याला पाठवावा. हात पुढे करून शपथ घेण्याची गरज नाही.