दुसरी तारीखही पाहा

'गूगलमुक्त फोन' हा सध्या आपल्या तरुण मित्रमैत्रिणींच्या गप्पांतला आवडता विषय आहे, आणि तो उगाच नाही. नमाजाच्या वेळा सांगणाऱ्या 'मुस्लिम प्रो' अ‍ॅपमधून लोकांच्या ठिकाणांची माहिती एका डेटा कंपनीकडे जात होती आणि त्या कंपनीच्या ग्राहकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते, हे 2020 मध्ये उघड झालं. अशा बातमीनंतर कुणी जुन्या फोनवर लिनिएजओएस टाकून घेतलं, तर मी त्याला नावं ठेवणार नाही. पण 'आता मी सुरक्षित' हे मात्र मला मान्य नाही.

पाळत कमी होणं वेगळं आणि फोन सुरक्षित असणं वेगळं. अँड्रॉइडमधल्या काही त्रुटी मूळ प्रणालीत असतात. त्या लिनिएजओएसचे स्वयंसेवक बुजवतात, आणि कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या फोनसाठी हे मोठंच काम आहे. पण मोडेम, प्रोसेसर यांच्या फर्मवेअरमधल्या त्रुटींची दुरुस्ती चिप आणि फोन बनवणाऱ्या कंपनीकडूनच यावी लागते. तिने हात वर केले की स्वयंसेवकांचा इलाज चालत नाही. शिवाय अशा फोनचा बूटलोडर बहुधा उघडाच राहतो. फोन कुणाच्या हाती पडला, तर प्रणालीत फेरफार करणं त्याला सोपं जातं. ग्राफीनओएसमध्ये बूटलोडर पुन्हा बंद करता येतो, अपडेटही लवकर येतात. पण आजवर त्यासाठी गूगलचाच पिक्सेल घ्यावा लागला आहे. प्रकल्पही अडखळतात: ऑगस्ट 2025 मध्ये कॅलिक्सओएसने सुरक्षा अपडेट थांबवत असल्याचं जाहीर केलं.

तलाक, पोटगीसाठी मदत मागायला आलेल्या बहिणींचे नंबर आणि कागद आपल्या फोनमध्ये असतात. ती अमानत आहे. म्हणून लिनिएजओएसच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही तारखा पाहा: अँड्रॉइड सुरक्षा अपडेटची आणि व्हेंडर पॅचची. दुसरी तारीख काही वर्षांपूर्वीची असेल, तर त्या फोनवर गाणी ऐका, अभ्यास करा. ही अमानत त्यात ठेवू नका.

आणि एवढ्यावर थांबू नका. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. युरोपीय संघाने जून 2025 पासून फोनच्या अपडेटसाठी 5 वर्षांचा नियम लागू केला. अपडेट कधीपर्यंत मिळणार, ती तारीख आपल्याकडेही फोनच्या खोक्यावर छापलेली असावी, अशी मागणी आपण केली पाहिजे. नाहीतर हा हक्क महागडा फोन परवडणाऱ्यांपुरताच उरेल.