आसवारिष्टांसाठी चाचणी-बॅच हवीच

कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत १८८३ साली एमिल ख्रिश्चन हॅन्सन यांनी एकाच पेशीपासून बिअरच्या यीस्टची शुद्ध वाढ केली. बिअर नासण्याचे मूळ त्यांना रानटी यीस्टमध्ये आढळले होते. आज आपण आसवाची आम्लता ज्या पीएच मापनाने मोजतो, तेही १९०९ साली याच प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी मांडले. मद्यनिर्मितीचा हा इतिहास वैद्यांच्या त्रैमासिकात कशासाठी, असे कोणी विचारील. परंतु आसवारिष्टांचे संधान घडविणारे यीस्ट हे बिअरच्या यीस्टचेच सगोत्र आहे.

शार्ङ्गधरांनी मान अनुक्त असल्यास एक द्रोण द्रवास एक तुला गूळ, त्याच्या निम्मा मध व दशांश प्रक्षेप सांगितला. प्रमाण शास्त्राने दिले. द्रव्याची परीक्षा मात्र आपणच करावयाची आहे. रंग उजळण्यासाठी हायड्रॉस घातलेला गूळ यीस्टला बाधक ठरू शकतो. धायटीची फुले जुनी वा बुरशी लागलेली असू शकतात. हे सारे थेट मोठ्या पात्रात पडते आणि झाकण उघडल्यावर आसवाऐवजी शुक्त हाती येते. काढा, मध, श्रम सर्व वाया जातात. आणि तसेच ते बाटलीत भरले गेले, तर रुग्णाचा विश्वासही.

बिअर उत्पादक नवे यीस्ट वा माल्ट प्रथम सुमारे दोन लिटरच्या उंच नळीत अजमावतात. मिथिलीन ब्ल्यूने मृत पेशी निळ्या दिसतात. हायड्रोमीटरने साखर किती उरली ते कळते. आपणही नवा गूळ वा नवी धायटी आली की थोडा काढा करून दोन लिटरचे संधान काचेच्या बरणीत लावावे, तोंडाशी वायू बाहेर जाईल अशी पाण्याची नळी बसवावी आणि रोज ठरलेल्या वेळी बरणीचे वजन घ्यावे. आंबलेल्या साखरेचे जवळजवळ निम्मे वजन कर्बवायूरूपाने निघून जाते. वजन घटत नसेल, तर तो माल मोठ्या पात्रात घालू नये.

या चाचणीला मर्यादा आहेत. लहान बरणीतील उष्णता लवकर निघून जाते. मोठे पात्र आतून तापते, म्हणून तेथे तापमापी वेगळा लागतोच. तसेच धायटी वगळून बाजारचे यीस्ट वापरण्याचा हा सल्ला नव्हे. धायटी स्वतः कषायरसात्मक औषधी आहे. ती यीस्टचे केवळ वाहन नाही. जळती काडी पात्राच्या तोंडाशी न विझणे, बुडबुड्यांचा आवाज थांबणे, फुले तळाशी बसणे ही परंपरागत लक्षणे संधान पूर्ण झाल्याचे सांगतात. ते मुळात सुरू होईल की नाही, हे मात्र आधीच कळावयास हवे.

एक तराजू, एक हायड्रोमीटर, दोन बरण्या आणि एक नोंदवही, एवढ्याचा खर्च नासलेल्या एका बॅचपेक्षा निश्चितच कमी आहे. फार्मसीचालक वैद्यबंधूंनी येत्या हंगामापासून हा नियम आपल्या निर्माणशाळेत अवश्य लागू करावा.